पाण्यात म्हैस, बाहेर मोल

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते, ती ही की आपल्या म्हणी एकमेकींशी भांडत असतात. एक म्हणते, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरी ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ म्हणून न पाहता सौदा करणाऱ्याला हसते. आता पाळण्यातले पाय पाहून मोल करणे आणि पाण्यातली म्हैस पाहून मोल करणे, यांत फरक तो कितीसा? दोन्हीकडे गिऱ्हाइकाला दिसते थोडे आणि झाकलेले राहते फार. तरी असे सौदे जगात होतच असतात. आपल्याकडे ते लग्नाच्या बैठकीत होतात, नोकरीच्या मुलाखतीत होतात आणि २००८ सालापासून क्रिकेटच्या लिलावातही होतात.

परंतु कोवळ्या पोराचे मोल किती, हा प्रश्न कॅनडा-अमेरिकेतल्या हॉकीत जितक्या उघडपणे विचारला जातो आणि त्याच्या उत्तराची जितकी बारकाईने नोंद ठेवली जाते, तितकी क्वचितच कुठे ठेवली जात असेल. त्या नोंदी चाळणे हा मोठा उद्बोधक उद्योग आहे. खेळाची आवड नसणाऱ्या वाचकांनीही पान उलटण्याची घाई करू नये. कारण हा लेख दिसायला खेळाचा असला, तरी आहे तो माणसांच्या पारखीचा.

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात, खडकीचा धनराज पिल्ले उभा राहतो. ती हॉकी ही नव्हे. ही बर्फावरची. दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, पायांत पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची टणक रबरी चकती. तिला ‘पक’ म्हणतात. एका संघाचे गोलरक्षकासह सहा गडी एका वेळी बर्फावर असतात. वाऱ्याच्या वेगाने घसरत येऊन ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने धडक देणे, कडेच्या फळीवर आदळणे, हा या खेळात गुन्हा नसून खेळाचाच भाग आहे. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बाजाराची रीत

या खेळाची सर्वांत मोठी पेढी म्हणजे ‘नॅशनल हॉकी लीग’. आज तिच्यात ३२ संघ आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात अठराच्या आसपासच्या होतकरू मुलांची निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. निवडण्याची पाळी साधारणपणे उलट्या क्रमाने येते. ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला सर्वांत चांगले पोर उचलण्याची संधी आधी. (कोणी मुद्दाम हरू नये म्हणून १९९५ पासून वरच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्याही टाकतात.) एकदा एखाद्या संघाने मुलाचे नाव पुकारले की त्या लीगपुरता त्याच्यावर त्या संघाचा हक्क. मुलाला तो संघ, ते शहर, तो मालक आवडतो की नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि मग सुरू होते अदलाबदल, म्हणजे ‘ट्रेड’. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देतात. खेळाडूच्या बदल्यात पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधली आपली पाळीही देतात. म्हणजे अजून ज्याचे नावगावही ठाऊक नाही, अशा मुलाची देवघेव होते! आपल्याकडे पोटातल्या लेकरांची सोयरीक ठरवीत, तशातलाच हा प्रकार.

हे सौदे कसे वठतात ते पाहायचे, तर १९९१ सालच्या ड्राफ्टसारखा दुसरा धडा नाही. त्या एका वर्षीच्या मुलांत या व्यापाराचे सारे नमुने सापडतात.

ज्याने सदरा घातला नाही

त्या वर्षीचे पहिले नाव कोणते असणार, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते. ते होते एरिक लिंड्रॉस. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन गावी २८ फेब्रुवारी १९७३ रोजी जन्मलेला मुलगा. उंची सहा फूट चार इंच, वजन सव्वादोनशे पौंडांच्या वर, आणि एवढा देह असूनही हात नाजूक कारागिराचे. कुमारांच्या स्पर्धेत ओशावा गावच्या संघाकडून त्याने १९९०-९१ च्या हंगामात ५७ सामन्यांत ७१ गोल केले आणि ७८ गोलांना हातभार लावला. या खेळात गोल आणि हातभार मिळून ‘गुण’ मोजतात; म्हणजे गुण झाले १४९. वेन ग्रेट्स्कीनंतरचा थोर खेळाडू हाच, असे जाणते लोक म्हणू लागले होते.

पहिली पाळी होती क्यूबेक शहराच्या ‘नॉर्डिक’ संघाची. लागोपाठ तीन हंगाम तळाला राहून त्यांनी हा मान ‘मिळवला’ होता. त्यांनी लिंड्रॉसचे नाव पुकारले. मुलगा व्यासपीठावर आला, पण रिवाजाप्रमाणे संघाचा सदरा काही त्याने अंगात घातला नाही. हा माझा संघ नव्हे, मी येथे खेळणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेकला तो आपल्या भाषेचा अपमान वाटला. भाषेशी नव्हे, मालकाशी आपले जमण्यासारखे नव्हते, असे लिंड्रॉसने पुढे सांगितले. कारण काहीही असो, पुढचे सबंध वर्ष तो त्या संघाकडून खेळला नाही.

झाले! म्हैस बाजारात आली. २० जून १९९२ रोजी, माँट्रिअलला पुढच्या ड्राफ्टसाठी सारे जमले असताना, नॉर्डिक संघाचे मालक मार्सेल ओबू यांनी लिंड्रॉसचा सौदा ठरवला; आणि तो एकाशी नव्हे, दोघांशी! फिलाडेल्फियाचा ‘फ्लायर्स’ संघ म्हणू लागला, मुलगा आमचा. न्यूयॉर्कचा ‘रेंजर्स’ संघही म्हणू लागला, मुलगा आमचा. तंटा लवादापुढे गेला. टोरांटोचे वकील लॅरी बर्तुझी यांनी कैक दिवस साक्षी ऐकल्या आणि ३० जूनला निकाल दिला. फिलाडेल्फियाचा सौदा आधी पक्का झाला होता. मुलाशी बोलून घ्या म्हणून त्यांना त्याचा दूरध्वनी क्रमांकही देण्यात आला होता, आणि तो काही कोणी उगीच देत नाही. मुलगा फिलाडेल्फियाचा.

आता किंमत ऐका. सहा खेळाडू: गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, स्टीव्ह ड्यूशेन, केरी हफमन, माइक रिची, ख्रिस सायमन आणि पेटर फोर्सबर्ग नावाचा एक स्वीडिश पोरगा. शिवाय ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या. शिवाय रोख दीड कोटी डॉलर. चार वर्षांपूर्वी, १९८८ मध्ये, प्रत्यक्ष ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसने नेले, तेव्हाही रोख रक्कम दीड कोटी डॉलरच होती. पण ग्रेट्स्की तेव्हा २७ वर्षांचा होता आणि चार वेळा स्टॅनले करंडक जिंकून बसला होता. लिंड्रॉसने या लीगमध्ये अजून एकही सामना खेळलेला नव्हता. सिद्ध झालेले कर्तृत्व आणि नुसती आशा, दोन्ही एकाच रोख भावाने विकली गेली होती.

खतावणी

सौद्याचा हिशेब लगेच मांडू नये म्हणतात, पण येथे तो पहिल्याच वर्षी दिसू लागला. १९९१-९२ मध्ये गुणतक्त्यात ५२ गुण मिळवणारा क्यूबेकचा संघ १९९२-९३ मध्ये १०४ वर गेला, बरोबर दुप्पट. लिंड्रॉसने त्या हंगामात ४१ गोल केले खरे, पण फिलाडेल्फियाला बाद फेरीतही पोचता आले नाही. एका पोराने गोल केले. आलेल्या गड्यांनी संघ उभा केला.

आणि त्या आलेल्यांपैकी सर्वांत मोलाचा गडी तर अजून आलाच नव्हता! फोर्सबर्ग स्वीडनमध्येच खेळत राहिला. १९९४ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध त्याने एका हाताने जो गोल केला, त्याचे चित्र स्वीडनने टपाल तिकिटावर छापले. १९९५ च्या जानेवारीत तो क्यूबेकला आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. दोन पाळ्यांपैकी एकीतून जोसलिन तिबो नावाचा तरुण गोलरक्षक मिळाला; डिसेंबर १९९५ मध्ये त्याला आणि आणखी दोघांना देऊन थोर गोलरक्षक पॅट्रिक रुआ पदरात पडला. १९९६ मध्ये या संघाने स्टॅनले करंडक जिंकला. २००१ मध्ये पुन्हा जिंकला.

पण हा करंडक क्यूबेकच्या रस्त्यांतून मिरवला नाही. १९९५ सालीच तो संघ पैशाच्या ओढीमुळे विकला जाऊन कोलोराडो राज्यात डेन्व्हरला गेला होता. ज्या गावाने तळाला पडलेल्या संघासाठी वर्षानुवर्षे थंडीत रांगा लावल्या, त्या गावाने आपल्याच पोरांचा विजय दुसऱ्याच्या अंगणात पाहिला. सौदा जिंकला आणि गाव हरले. खतावणीत या नुकसानीचे पान नसते.

आणि ज्यांचा सौदा लवादाने मोडला, त्या न्यूयॉर्कचे काय? त्यांनी लिंड्रॉसवाचून १९९४ साली करंडक जिंकला, तोही ५४ वर्षांनंतर!

जोखण्याचे काटे

मग अशा मुलाला जोखावे तरी कसे? या धंद्यातले पारखी गावोगाव बर्फाच्या कडेला बसून वह्या भरत असतात. त्यांचे काटे अनेक आहेत. त्यांतले चार मला विशेष विचार करण्यासारखे वाटतात.

पहिला काटा वयाचा. रॉजर बार्न्सली नावाचे कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ १९८० नंतरच्या दशकात एकदा लेथब्रिज गावी कुमारांचा सामना पाहत बसले होते. त्यांच्या पत्नी पॉला हातातली कार्यक्रमपत्रिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखा पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले, की यातली बरीच मुले जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमधलीच आहेत. पुढे बार्न्सली यांनी आकडे जमवून १९८५ मध्ये हे शास्त्रशुद्ध मांडले. कॅनडात मुलांचे वयोगट एक जानेवारीपासून पाडत. जानेवारीत जन्मलेला नऊ वर्षांचा मुलगा डिसेंबरात जन्मलेल्या नऊ वर्षांच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड. तो थोराड म्हणून चांगला दिसतो. चांगला दिसतो म्हणून त्याला चांगला शिक्षक आणि अधिक सराव मिळतो. आणि मग तो खरोखरच चांगला होतो. आमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेला मुलगा हुशार म्हणून पुढे असतो, की पुढे बसवल्यामुळे हुशार होतो, हा प्रश्न शिक्षकांनीही स्वतःला विचारावा.

दुसरा काटा गुणांचा. पण गुण कोणाविरुद्ध मिळवले, ते पाहायचे. कुमारांत १४९ गुण करणारा मुलगा आपल्याच वयाच्या, आपल्याहून किडकिडीत पोरांतून वाट काढत असतो. स्वीडनमधला फोर्सबर्ग गावातल्या मोडो संघातून दाढीमिशांच्या बाप्यांशी खेळत होता. त्याचे गुण कमी दिसत, पण त्यांचे वजन अधिक होते. फिलाडेल्फियाने १९९१ मध्ये त्याला सहावा उचलला तेव्हा ‘एवढ्या लवकर कशाला?’ म्हणून अनेकांच्या भुवया वर गेल्या होत्या. म्हणजे हिऱ्याची पारख फिलाडेल्फियानेच केली आणि विकलाही त्यांनीच!

तिसरा काटा सावलीचा. मुलगा वाढत नसेल, तर तो खुजा आहे की कोणाच्या सावलीत आहे? व्हँकूवरच्या संघात कॅम नीली नावाचा तरुण होता. त्याच्या जागेवर आधीच दोन मातबर गडी असल्याने त्याला बर्फावर वेळच थोडा मिळे. तीन हंगामांत मिळून त्याचे गोल ५१. ६ जून १९८६ रोजी, त्याला एकविसावे वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, व्हँकूवरने त्याला बोस्टनला दिले. वर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची पाळीही दिली आणि बदल्यात घेतला बॅरी पेडरसन, नाव कमावलेला, पण खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला. नीलीने बोस्टनकडून पहिल्याच हंगामात ३६ गोल केले. पुढे तो या खेळाच्या मानाच्या दालनात जाऊन बसला.

चौथा काटा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मुलाला लावायचाच नाही. तो लावायचा गिऱ्हाइकाला. घेणारा आज का घेतो आहे? देणारा आज का देतो आहे? १९८९ च्या ऑक्टोबरात टोरांटोला एका अनुभवी बचावपटूची निकड भासली. त्यांनी न्यू जर्सीकडून टॉम कर्व्हर्सला घेतले आणि दिली काय, तर १९९१ च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची पाळी. दोन वर्षांनंतरची उधारी, कोण मोजतो! पण १९९०-९१ मध्ये टोरांटो असे गडगडले, की ती पाळी पहिलीच ठरते की काय, म्हणजे लिंड्रॉस आपल्या हाताने दिला जातो की काय, अशी धास्ती पडली. शेवटी पाळी तिसरी आली. तिच्यावर न्यू जर्सीने घेतला स्कॉट नीडरमायर, ज्याने पुढे चार वेळा करंडक जिंकला. आणि कर्व्हर्स? ड्राफ्टचा दिवस उजाडला तेव्हा तो टोरांटोत नव्हताच; जानेवारीतच त्याला व्हँकूवरला पाठवून दिले होते.

तसाच दुसरा मासला. स्वीडनच्या ज्या अर्नशोल्ड्सविक गावात २० जुलै १९७३ रोजी फोर्सबर्ग वाढू लागला, त्याच गावात दहा दिवसांनी मार्कस नासलुंड जन्मला. दोघे एकाच क्लबात खेळले. नासलुंडला १९९१ मध्ये सोळाव्या पाळीला पिट्सबर्गने घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये फोर्सबर्गच्या मागोमाग, सातवा, निवडला गेला होता अॅलेक स्टोयानोव, आडदांड, मारामारीला खंबीर असा गडी. २० मार्च १९९६ रोजी, बाद फेरी तोंडावर आली असताना, पिट्सबर्गला आपल्या नाजूक कलावंतांना राखायला एक दांडगट हवासा वाटला. त्यांनी त्या हंगामात ५२ गुण केलेला नासलुंड व्हँकूवरला दिला आणि स्टोयानोव घेतला. त्याच्या नावावर तोवर एकही गोल नव्हता! लीगमधल्या एकूण १०७ सामन्यांत त्याचे गोल झाले दोन. मोटारीच्या अपघाताने त्या बिचाऱ्याची उमेदही खुडली. नासलुंड व्हँकूवरचा कर्णधार झाला आणि त्याने कारकिर्दीत ८६९ गुण मिळवले. येथे पिट्सबर्गने नासलुंडला ओळखले नव्हते असे नाही. त्यांनी स्वतःच्या त्या आठवड्याच्या गरजेला भलता भाव दिला.

जे काट्यावर चढले नाही

आता पुन्हा लिंड्रॉसकडे येऊ. त्याच्याविषयी जाणत्यांनी बांधलेला अंदाज चुकला होता का? मुळीच नाही. १९९५ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९७ मध्ये त्याने फिलाडेल्फियाला अंतिम फेरीत नेले. तेथे डेट्रॉईटने त्यांना सरळ चार सामन्यांत हरवले, ही गोष्ट वेगळी. कारकिर्दीत त्याचे ७६० सामन्यांत ८६५ गुण. फोर्सबर्गचे ७०८ सामन्यांत ८८५. दोघेही मानाच्या दालनात आहेत, फोर्सबर्ग २०१४ पासून, लिंड्रॉस २०१६ पासून. म्हणजे पाळण्यात दिसलेले पाय खरेच होते. मुलाची पारख बरोबर होती, तरी सौदा आतबट्ट्याचा ठरला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. मुलगा किती चांगला, हा एक प्रश्न; त्याच्यासाठी काय काय द्यावे, हा अगदी दुसरा. पहिल्याचे उत्तर बरोबर आले, की दुसऱ्याचेही आलेच असे माणसे धरून चालतात आणि तेथेच फसतात.

आणि एक गोष्ट कोणत्याच काट्यावर चढली नव्हती. मघाशी धडकेविषयीचे वाक्य ध्यानात ठेवायला सांगितले होते, ते आता आठवावे. लिंड्रॉसच्या डोक्याला एकामागून एक मार बसले. धिप्पाड देहामुळे लहानपणापासून त्याला कोणाची धडक चुकवण्याची गरजच पडली नव्हती. मान खाली घालून तो मुसंडी मारी. जे त्याचे बळ म्हणून मोजले गेले, तेच त्याचे वर्म ठरले. २६ मे २००० रोजी न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या डोक्यावर बसला आणि तो बर्फावर निपचित पडला. पुढचा सबंध हंगाम तो खेळला नाही. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट याने तर डोक्याच्या अशाच दुखापतींमुळे १९९६ मध्ये, विसाव्या वर्षी, ५१ सामन्यांनंतर खेळ सोडला. एका घरातली दोन मुले.

२००१ च्या ऑगस्टात लिंड्रॉसचा दुसऱ्यांदा सौदा झाला, आणि घेणारे होते तेच न्यूयॉर्कवाले! नऊ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी लवाद बसवावा लागला, त्याच्यासाठी आता तीन तरुण खेळाडू आणि तिसऱ्या फेरीतली एक पाळी पुरली. त्या तिघांत पावेल ब्रेंडल नावाचा एक ‘मोठी आशा असलेला’ पोरगा होता. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये तो चौथा निवडला गेला होता. ती आशाही फळली नाही. २००५ मध्ये फोर्सबर्ग फिलाडेल्फियाला आला, ज्यांनी त्याला एकदा देऊन टाकले होते त्यांच्याकडेच. पण तोवर त्याच्या पायांची दुखणी सुरू झाली होती.

या बाजाराला नावे ठेवून उपयोग नाही. जेथे संघ आहेत, पैसा आहे आणि जिंकण्याची हौस आहे, तेथे पोरांची मोले होणारच. आपल्याकडेही आता पाठीवर क्रिकेटची पिशवी अडकवलेल्या मुलांना पाहून लोक मनातल्या मनात आकडे मांडू लागले आहेत. पण कोणी आपल्या मुलाचा, आपल्या विद्यार्थ्याचा मोठा भाव सांगू लागला, तर हुरळून जाण्यापूर्वी आईबापांनी एवढे ओळखावे, की तो भाव मुलाचा नाही; तो सांगणाऱ्याच्या निकडीचा आहे. उद्या निकड सरेल आणि भावही उतरेल. मुलगा मात्र कालच्याइतकाच गुणी असेल, आणि त्याचे डोके, त्याचे गुडघे, त्याची उमेद यांचा सांभाळ करायला तेव्हा गिऱ्हाईक नव्हे, घरचेच माणूस लागेल.

लिंड्रॉसने अठराव्या वर्षी तो सदरा अंगात घातला नाही, याला त्या काळी पुष्कळांनी उर्मटपणा म्हटले. असेलही. पण ज्या बाजारात मालाला बोलण्याची सोय नसते, तेथे एका मालाने तोंड उघडून ‘मी माणूस आहे’ एवढे सांगितले. त्या दिवसाच्या साऱ्या हिशेबात तेवढी एक गोष्ट भावात धरलेली नव्हती.